आखाजीच्या मांड्यांचा गहू

अमळनेर,
चैत्र

प्रिय मित्रा,

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काकूंचे मांडे खापरावर जाण्याआधी हातावरच फाटले. "गव्हात जीव नाही रे," एवढंच त्या म्हणाल्या. गहू माझ्या वावरातला होता. ते शब्द वर्षभर मनातून गेले नाहीत, भो.

दाणे तर टपोरे होते! घरी येऊन मूठभर चावून, फोडून पाहिले, तर कित्येकांच्या पोटात पांढुरके, पिठूळ डाग. नत्र कमी पडलं की लोकवन जातीचा गहूसुद्धा असा होतो. त्या वर्षी थंडी टिकली, आभाळ मोकळं होतं. ओंबी निसवून बाहेर आल्यावर शेवटचं पान ऊन पितं आणि साखर दाण्याकडे धाडतं, तिथे तिचं पिष्ट होतं. पिष्ट उदंड भरलं. पण मांडा ताणला जातो तो ग्लूटेनवर, म्हणजे प्रथिनांवर, आणि प्रथिनाला नत्र लागतं. मी सगळा युरिया पेरणीलाच टाकून मोकळा झालो होतो. 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो, त्यातलंही काही पाण्याबरोबर खोल गेलं, काही हवेत उडालं. दाणा भरायच्या वेळी पिकाच्या हाती उरलं काय?

यंदा युरिया वाढवला नाही. जास्त दिला की गहू लोळतो, ते आपण दोघांनी लहानपणी पाहिलंय. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र सांगतात, निम्मं पेरणीला, निम्मं 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. त्यातलाच थोडा वाटा मी राखून ठेवला आणि पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, पाण्याच्या पाळीला दिला. उशिरा मिळालेलं नत्र पसारा वाढवण्यापेक्षा दाण्यात जास्त जातं.

बांधावरच्या निंबाखालचा पट्टा मुद्दाम वेगळा कापला. दाणा बारीक, सुरकुतलेला. मायनं त्याची कणीक मळली, तर ती मस्त ताणली गेली! सावलीत पिष्ट जितकं घटतं तितकं नत्र घटत नाही, म्हणून प्रथिनाचं प्रमाण उलट चढतं. पण अशा गव्हानं गोणी भरत नाही. निंबाची मुळंही पाणी ओढतात, तेव्हा सगळा दोष सावलीला देत नाही. शेजारी कपाशी उपटून डिसेंबरअखेर पेरलेला गहू फाल्गुनातल्या उन्हानं असाच चिरमटला. दाणा भरायला त्याला दिवसच मिळाले नाहीत. ऊन हवं, पण थंडीतलं. म्हणून मी कपाशीच्या शेवटच्या वेचणीवर पाणी सोडून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरकली. पैसा गेला, पण मला पटलं ते केलं.

यंदाचा दाणा फोडला की आतून काचेसारखा दिसतो. वीस किलो पाठवतोय. काकूंना सांग, पीठ वस्त्रगाळ करून आधी दोनच मांडे करून पाहा. फाटले तर त्याच दिवशी फोन कर, आखाजीला अजून वेळ आहे, मी दुसरा गहू शोधून आणतो. नाही फाटले, तर त्या काय म्हणाल्या ते मला शब्दशः लिहून कळव.

तुझाच