मुलांच्या चित्रांचे फोटो का पाठवत नाही

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मुलांच्या चित्रांचे फोटो पाठव, असं तुम्ही फोनवर म्हणालात. लेकीचं काम डोळ्यांनी बघावंसं वाटणारच. पण मी ते पाठवणार नाही, आणि कारण घाईत सांगण्यासारखं नव्हतं.

विस्थापितांच्या छावणीतलं मूल कला-उपचारात, म्हणजे चित्रं काढत मन हलकं करायला, माझ्यासमोर रंगवतं, ते या खोलीतलं बाहेर जाणार नाही या भरवशावर. पालकांची सही घेता येते, हे खरं. पण जी संस्था तंबू आणि जेवण देते, तिचीच माणसं सही मागायला आली, तर नाही कोण म्हणेल? असल्या सहीला मी संमती मानत नाही.

तुम्ही वाचलेलं असतं, म्हणून तेरेझीनचं नाव काढाल. नाझींच्या त्या छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये आउश्वित्झला त्यांचा खून झाला. मागे राहिलेली सुमारे ४,५०० चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांच्याच विद्यार्थिनी एडिथ क्रेमर यांनी पुढे अमेरिकेत कला-उपचाराची पायाभरणी केली. मला फ्रीडलबाईंविषयी अपार आदर आहे. पण त्यांच्याकडे शिकलेली बहुतेक मुलं मारली गेली, चित्रं तेवढी साक्षीला उरली. माझ्या समोरचं मूल जिवंत आहे, बाबा. कदाचित त्याला त्याच गावी परतायचंय, जिथून रातोरात पळावं लागलं. त्यानं रंगवलेला गणवेश कुणाचा, हे ओळखणारे लोकही आहेत.

आई, तू विचारलंस, चित्रावरून मनातलं कसं ओळखतेस? नाही गं ओळखत. अमेरिकेत जॉन बक यांनी १९४८ मध्ये घर-झाड-माणूस अशी चाचणी मांडली: ही तीन चित्रं काढायला लावायची आणि त्यांवरून मन ओळखायचं. घराला खिडक्या नसल्या की मूल माणसांपासून तुटलंय, असा अर्थ लावायची रीत त्यातून पडली. जन्मापासून तंबूत राहिलेल्या मुलाच्या घराला खिडकी नसेल, तर त्यात कसलं दुखणं शोधायचं? मी एवढंच विचारते, "याबद्दल सांगावंसं वाटतं का?" दुभाषी त्याच वस्तीतला असतो, कधी शेजारचाच. मूल गप्प बसलं, तर ते शहाणपणही असू शकतं.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत परदेशी समुपदेशकांची रीघ लागली होती. अनेकांना तिथली भाषा येत नव्हती, आणि थोड्या दिवसांत ते निघूनही गेले. मुलाला त्याची भीती कागदावर उतरवायला लावायची आणि पुढच्या आठवड्यात आपण तिथे नसायचं, हे मला क्रूर वाटतं. म्हणून छावणीतल्याच काही बायकांना मी हे काम शिकवते आहे. हळूहळू गट त्याच चालवतील, मी मागे राहीन.

संस्थेच्या अहवालात मुलांची चित्रं छापू नयेत, असं मी लेखी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. छापायचंच ठरलं, तर मी पुन्हा भांडेन.

कळावे,
तुमची लेक