ठेव मोडू नका, बाबा

पुणे,
शनिवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

कात्रजच्या फ्लॅटचे खरेदीखत नोंदवून झाले हे मी फोनवर सांगितले, तेव्हा बाबा फक्त "बरं झालं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. नंतर आईकडून कळले की बाबा पोस्टातून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन आले आहेत, कारण मुलीच्या डोक्यावर एवढे कर्ज असताना आपले 15 लाख पोस्टात असणे त्यांना बरे वाटत नाही. बाबा, तो अर्ज भरू नका. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांत गप्प करता, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे; चष्मा लावून, आईला ऐकू जाईल असे मोठ्याने वाचा.

हातात पैसे आले की सातारच्या घरावर माडी चढवायची, हे आपल्या घरात किती वर्षे बोलले गेले आहे ते मी विसरलेले नाही, आणि माडी सोडून परक्या माणसांना भाड्याने देण्यासाठी मी पुण्यात घर घेतले, हे तुम्हाला कुठेतरी लागले असणार. तुम्ही ते बोलून दाखवले नाही, त्यामुळे मला ते अधिकच जाणवते. पण माडीवर राहणार कोण, याचे उत्तर आपल्यापैकी कोणाकडेच नव्हते. दादाचे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि माडीसाठी काढलेल्या कर्जाचा सगळा हप्ता माझ्या पगारातून गेला असता. इथे खर्च वजा जाता हप्त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा भाड्यातून निघेल. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मात्र पावसाळ्याआधी होईल, न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी बसेल, जुना गिझर बदलला जाईल. त्याचे पैसे मी आधीच वेगळे काढून ठेवले आहेत. आईच्या फिजिओथेरपीचे आणि बाबांच्या साखरेच्या तपासण्यांचे जसे चालले आहे तसेच चालू राहील, कामाला येणाऱ्या बाईंनाही कमी करायचे नाही; या फ्लॅटपायी तुमच्या घरातली एकही गोष्ट अडणार नाही.

आता हिशेब. बाबा, तुम्ही आयुष्यभर लेजर तपासलीत, तेव्हा हाही तपासा. फ्लॅटची किंमत 42 लाख रुपये, त्यावर 6 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 2 लाख 52 हजार, नोंदणी फी 30 हजार, आणि वकील, दलाली, रंगकाम व किरकोळ प्लंबिंग धरून एकूण 46 लाखांच्या घरात खर्च होतो. भाडे महिना 13 हजार येईल. नवखा माणूस लगेच 13 हजार गुणिले बारा करून मोकळा होतो, पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहते, म्हणून मी वर्षाचे अकराच महिने धरले आहेत. त्या 1 लाख 43 हजारांतून सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क मिळून 23 हजार, मिळकतकर 11 हजार आणि दुरुस्ती-दलालीसाठी 12 हजार वजा केले की हातात 97 हजार उरतात. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही, हे पुष्कळांना बिल आल्यावर कळते. म्हणजे 46 लाखांवर उत्पन्न जेमतेम 2.1 टक्के. तुमचे 15 लाख पोस्टात 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 23 हजार देतात, दर तिमाहीला 30 हजार 750, आणि त्यासाठी तुम्हाला कोणाचा गळका नळ दुरुस्त करावा लागत नाही. माझ्या तिप्पट किमतीच्या घरापेक्षा तुमची ठेव अधिक कमावते, आणि तीच तुम्ही मोडायला निघालात! शिवाय दोन वर्षे झाल्यानंतर मोडली तरी मुद्दलातला 1 टक्का, म्हणजे 15 हजार रुपये कापले जातील, ते वेगळेच.

मग असे घर मी घेतले तरी का, असे तुम्ही विचारणार, आणि आई त्यावर मान डोलावणार. माझ्या हातात वीस वर्षे आहेत, तुमच्या हातात दर तिमाहीला पैसे यायला हवेत, हे त्याचे खरे उत्तर आहे. कर्ज 30 लाखांचे आणि वीस वर्षांचे आहे, हप्ता साधारण 26 हजार आहे, आणि कर्ज फिटेल तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ आलेली असेन. मला तुमच्यासारखे पेन्शन नाही, तेव्हा हे भाडेच माझे पेन्शन होईल. फ्लॅटची किंमत वाढेलही, पण ती मी हिशेबात धरलेली नाही. किंमत वाढेल या आशेवरच ज्याचा व्यवहार उभा असतो, त्याने तो करू नये असे माझे ठाम मत आहे. घर वर्षभर रिकामे राहिले तरी हप्ते भरता येतील एवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला ठेवूनच मी सही केली, आणि ती रक्कम जमेपर्यंत आधीचे एक चांगले घर हातचे जाऊ दिले. म्हणून कर्जाच्या काळजीने रात्री उठून बसू नका.

आईचा प्रश्न होता की जावयांचे नाव कागदावर का नाही. आई, तू मनात आणतेस तसे काहीही नाही. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, पुण्यात 7 ऐवजी 6 टक्के लागतात, आणि अजितचे नाव घातले असते तर 42 हजार रुपये उगीच गेले असते. ही कल्पना त्याचीच होती. नामनिर्देशन त्याच्या नावाने केले आहे.

बाबांच्या गप्प बसण्यामागे आजोबांच्या वाड्यातले भाडेकरू मास्तर आहेत, हे न सांगताही मला कळते. आजोबांनी त्यांच्यापायी काय काय सोसले ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ते बिऱ्हाड 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातले होते, तेव्हा भाडे गोठलेले असायचे आणि भाडेकरूच्या पश्चात त्याच्या वारसाचाही हक्क लागायचा. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आहे, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि घर आपण लीव्ह अँड लायसन्सवर देतो. त्यात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते, भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तो राहील तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. अर्ज केला की दुसऱ्या दिवशी घर मोकळे होते असे मी म्हणणार नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या तारखा पडण्याचा तो प्रकार नव्हे.

या संरक्षणाचा सगळा भार नोंदणीवर आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, शंभराच्या मुद्रांकावर नोटरी केली की भागते, असे तुमच्या कट्ट्यावर कोणीतरी नक्की सांगेल, पण महाराष्ट्रात ते खरे नाही. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळली आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुद्रांक शुल्क तरी कितीसे असते? मुदतीतल्या एकूण भाड्यात अनामत रकमेवरचे 10 टक्के वार्षिक व्याज मिळवून जो आकडा येईल, त्याच्या पाव टक्का. चार-पाचशे रुपयांसाठी लोक 46 लाखांचे घर टांगणीला लावतात, याचे मला नवल वाटते.

घर निवडताना मी नवे बांधकाम पाहिलेच नाही. चौदा वर्षांच्या इमारतीत, लिफ्ट असलेले, ताबा लगेच मिळणारे घर घेतले, म्हणजे हप्ता आणि भाडे जवळजवळ बरोबरच सुरू होतात. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहिला, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे याची खात्री करून घेतली. घर कितीही छान दिसले तरी यातला एकही कागद नंतर पाहू म्हणून सोडायचा नसतो. कात्रज निवडण्याचे कारण भारती विद्यापीठ आणि तिथले रुग्णालय. शिकणारी मुले, परिचारिका, निवासी डॉक्टर यांना तिथे बाराही महिने घर लागते. स्वतःला जिथे राहायला आवडेल तिथे भाड्यासाठी घर घ्यायचे, हा मोह मला बाणेरला घर पाहताना झाला होता. तिथे घराच्या किमती कितीतरी जास्त, पण भाडी त्या मानाने वाढलेली नाहीत.

आता भाडेकरूंविषयी. आई, तू सुचवलेस की "आपल्यातले, शाकाहारी, लग्न झालेले" कुटुंब पाहावे. मी तसे पाहणार नाही, आणि याचा तू राग मानू नकोस. आपण बाबांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरलो, तेव्हा भिंतीला एक खिळा ठोकायची परवानगी नसायची, म्हणून तू कालनिर्णय खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचीस, आणि घरमालकीण जिन्यात दिसली की मला ओठांवर बोट ठेवून गप्प करायचीस. मी तेव्हा तुझ्या पदराआडून तिच्याकडे पाहत असे, आणि मोठी झाल्यावर आपण असे व्हायचे नाही, असे काहीतरी बाळबोध मनात म्हणत असे. म्हणून येणाऱ्याला मी नोकरीचा पुरावा, ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर एवढेच मागणार आहे, आणि त्या मालकाला खरोखर फोन करणार आहे. ताबा देताना महावितरणच्या मीटरचे आकडे, पंखे, नळ, भिंती यांचे तारखेसह फोटो काढून ते करारालाच जोडायचे, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची आणि कराराची प्रत सोसायटीला द्यायची. सोसायटीने सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क मागितले तर ते द्यायचे नाही. शासनानेच 2001 मध्ये ती मर्यादा घातली आहे. खिळे मात्र त्यांना हवे तेवढे ठोकू दे.

अनामत रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवणार आहे, कारण ती आपली नसते. भाड्यावरच्या कराची काळजी बाबांनी करू नये. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे त्या भाड्यावर कर जवळजवळ लागणारच नाही. व्याज भाड्याहून जास्त झाल्याने दिसणारा घराचा तोटा नव्या करप्रणालीत पगारातून वजा करता येत नाही, एवढे लक्षात ठेवूनच मी हिशेब केला आहे.

नाना त्यांच्या निवृत्तीच्या पैशात बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी बुक करणार आहेत, असे बाबा म्हणाले होते. त्यांना हे पत्र जरूर दाखवा. ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य, वर जीएसटी, आणि वय सत्तर. बिल्डर "हमखास भाडे" देतो म्हणतो ते करारात लिहून देतो का, आणि गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची ताबा देण्याची तारीख काय आहे, एवढे दोन प्रश्न त्यांनी आधी विचारावेत. मी सांगितले तर त्यांना रुचणार नाही, तुमचे ते ऐकतील.

आणि तुम्ही दोघांनी काय करायचे ते ऐका. भाडेकरू पाहायला, चावी द्यायला किंवा रंगाऱ्यावर लक्ष ठेवायला बाबांनी एसटीने पुण्याला यायचे नाही. घर बघायला या, पण मी गाडी पाठवीन तेव्हा, आणि आईच्या पायाला पट्टा बांधून. कोणी फोन करून "तुमच्या मुलीच्या फ्लॅटसाठी टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणाले तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. नाश्त्याआधीची गोळी विसरायची नाही. पोस्टातून आणलेला अर्ज फाडून टाका, आणि फाडल्याचे आईने मला फोन करून सांगावे, कारण बाबा तो कपाटात जपून ठेवतील हे मला ठाऊक आहे. गच्चीच्या कामाचे मिस्त्री सोमवारी मोजमाप घ्यायला येतील, तेव्हा वाळत घातलेल्या मिरच्या आधी खाली आणून ठेवा.

तुमची,
मीनू