माझ्याच चार बोटांचं माप

आदरणीय दाइफू (आमच्या भाषेत डॉक्टर),

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी चिनी भाजीवालीच्या पुढे जात नाही. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण दुखण्याखुपण्याचं मला दुसऱ्या भाषेत बोलता येत नाही. फोनवर टाकून वाचालच. 'ओटीपोट' या शब्दाचं तो काय करेल, देव जाणे.

आमच्याकडे ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. लग्नात भरतात, डोहाळजेवणात भरतात, माहेरवाशीण परत निघाली की भरतात. माझी आजवर कितीदा भरली असेल. पण त्या ओटीखाली काय दुखतंय, हे चार वर्षांत कोणी धड विचारलं नाही. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग म्हणाल्या, एक मूल झालं की थांबेल. दुसऱ्यांनी मान वर न करता 'गॅसेस' लिहिलं. एका वैद्यांनी नाडीला बोटं लावली न लावली तोच सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलं, आगाऊ भरलं तर सवलत. नावं घेत नाही. घेतली तरी त्यांना मी आठवायची नाही.

तुमच्याकडचेही काही कमी नाहीत हं. इथे ऑफिसात ज्याला सांगावं त्याचं एकच औषध, 'दुओ ह रश्वेइ', भरपूर गरम पाणी पी. सर्दी असो, मन खट्टू असो की पोटात कळ असो. यावरून इथल्या बायका नवऱ्यांची टर उडवतात, हे मला फार उशिरा कळलं.

तुमचं हे शिजियाझुआंग म्हणजे पेनिसिलिनपासून व्हिटॅमिन सीपर्यंत औषधांचा कच्चा माल जगभर धाडणारं शहर. मी आले तीच त्या मालाच्या तपासणीच्या नोकरीवर. दिवसभर टेबलावर शुद्धतेचे आकडे. तुमच्या चिनी वैद्यकातल्या सुया आणि धुरी यांवर माझा कितीसा विश्वास असणार! मैत्रिणीने अक्षरशः ओढत आणलं म्हणून आले.

आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "श्याओफू की शाओफू?"

मैत्रिणीने समजावलं: बेंबीखाली मधोमध तो श्याओफू, त्याच्या दोन्ही अंगांना तो शाओफू. मी गप्पच झाले. मधे दुखतं की कडेला, एवढंही मला कोणी विचारलं नव्हतं, आणि तुमच्याकडे त्याला दोन वेगळे शब्द! मग पुढचे प्रश्न. दाबलं की बरं वाटतं की हात झटकावासा वाटतो? शेकल्यावर? पाळीच्या आधी की नंतर? गुठळ्या पडतात का? जीभ पाहिलीत. दोन्ही मनगटांवर आळीपाळीने तीन बोटं ठेवून बराच वेळ काही बोलला नाहीत. डावीकडे जरा दाबलंत तशी मी टेबलावरून उठलेच.

तुम्ही सुयांचा डबा बंद केलात. "आधी इस्पितळात जाऊन सोनोग्राफी. सुया नंतर."

डाव्या बीजांडकोशावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ निघाली. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार असतो. दहांत एक! म्हणजे त्या 'गॅसेस'वाल्यांच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर माझ्यासारख्या रोज किती बसत असतील, तुम्हीच मोजा.

रिपोर्ट घेऊन परत आले तेव्हा तुम्ही स्वच्छ सांगितलंत की सुयांनी गाठ विरघळणार नाही, दुखणं हलकं होतंय का ते पाहू, आणि इस्पितळातल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पॅकेज नाही, सवलत नाही.

पण मी लिहायला बसले ते त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटासाठी.

गुआनयुआन नावाची सुईची जागा बेंबीखाली तीन त्सुन; त्सुन हे तुमच्या वैद्यकातलं लांबीचं माप. मला वाटलं, आता टेप येणार. तुम्ही माझाच उजवा हात उचललात, चार बोटं जुळवलीत आणि माझ्या बेंबीखाली आडवी ठेवलीत. करंगळी संपली तिथे पेनाने ठिपका दिलात. पाय जवळ घ्यायला लावून घोट्याच्या हाडाच्या वर पुन्हा माझीच चार बोटं, पुन्हा ठिपका. मी विचारलं, तुमच्या बोटांनी मोजलं तर? तुम्ही हसलात आणि तुमचा हात माझ्या हाताला लावून दाखवलात. तुमची बोटं केवढी तरी रुंद! "तुझं पोट, तुझं माप."

आजी तांदळावर पाणी घालताना बोटाच्या पेराने मोजायची. आयुर्वेदातही ज्याच्या त्याच्या अंगुळाचं माप आहे, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. पण माझ्या अंगावर माझं माप लावून पाहणाऱ्या तुम्हीच पहिल्या. घरी जाताना बसमध्ये मी शर्टाखाली हात घालून तो ठिपका चाचपत होते. शेजारचे आजोबा काय समजले असतील!

मग तुमची ती लाकडी पेटी, आत जळणारी आय-त्साओ या वनस्पतीची वात, आणि कपड्यांतून चार दिवस न जाणारा धूर. वास ओळखीचा का वाटतो ते नंतर ध्यानात आलं. ही वनस्पती आमच्या दवण्याच्या गोतातली. चैत्रात जोतिबाला वाहतो तोच दवणा. पाळीचे पहिले दोन दिवस मी आता ऑफिसात बसू शकते. यात गोळ्यांचं किती आणि सुयांचं किती, हा हिशेब मला मांडता येत नाही. कंपनीत असा नमुना आला असता तर मी नापास केला असता. इथे करत नाही.

तिसऱ्या खेपेला तुम्ही गाव विचारलंत. सोलापूर तुम्हाला कळेना. "के दीहुआचं गाव," म्हटलं, आणि तुम्ही हातातली सुई खाली ठेवलीत. के दीहुआ म्हणजे आमचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, हे त्यांचं चिनी नाव. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींसाठी इकडे आले, १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी इथेच गेले, तुमच्याच शहरातल्या शहीद स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. तुम्ही पैसे घेईनात. मी म्हटलं, त्यांनी केलेलं माझ्या खात्यावर कसं जमा होईल? आपण दोघी बराच वेळ पाकीट इकडून तिकडे ढकलत होतो. कोणी पाहिलं असतं तर भांडण समजलं असतं. परक्याचं दुखणं खरं धरायला लागतं तरी काय? ना यंत्र, ना मोठी पदवी. थोडा वेळ लागतो, आणि तोच नेमका कोणाकडे नसतो.

पैसे शेवटी घेतलेत, बरं केलंत. सोबत दिलेली सोलापुरी चादर तुम्ही त्या टेबलावर अंथरलीत, हे मैत्रिणीने फोटो पाठवून कळवलं. एक सांगायचं राहिलं. लाल रंगाची आहे, पहिल्यांदा वेगळी धुवा. तुमच्या पांढऱ्या कोटाबरोबर मशीनमध्ये टाकू नका.

तुमची,
सोलापूरची पेशंट