टाकीतल्या हवेबद्दल, सुन्याला

वागळे इस्टेट, ठाणे
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

काल गुरुपौर्णिमा. दरवर्षीप्रमाणे लोकमान्यनगरला काकूंकडे जाऊन आलो. उस्तादांच्या फोटोला हार घातला, पाया पडलो. काकूंनी तुझी चौकशी केली. "सुन्यानं कोपरखैरण्याला स्वतःचं पॉलिशचं दुकान घातलंय" म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. उस्ताद असते तर पहिल्याच दिवशी येऊन तुझ्या मशीनभोवती एक चक्कर मारून गेले असते. ते नाहीत, म्हणून ती चक्कर या पत्रातून मी मारतोय असं समज.

तू पाठवलेला नव्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या मशीनचा, व्हिडिओ पाहिला. ५० लिटरची टाकी, २ एचपीची मोटर, खाली चाकं, नवा कोरा निळा रंग आणि मागे उभा तुझा पोरगा. खूप बरं वाटलं रे. इतकी वर्षं दुसऱ्याकडे राबून शेवटी स्वतःचं शटर उघडलंस. पण व्हिडिओ परत परत पाहताना काही गोष्टी नजरेला खुपल्या आणि रात्री झोप लागेना. फोनवर सांगितलं असतं तर "हो रे, बघतो" म्हणून तू विषय संपवला असतास. आज शुक्रवार, आमच्याकडे सुट्टी, म्हणून निवांत बसून लिहितोय.

सगळ्यात आधी पोराबद्दल. व्हिडिओच्या शेवटी तो ब्लो गन, म्हणजे हवा मारायची पिस्तूल, घेऊन शर्टावरचा भुसा उडवतोय, मग केसांतला. आपण दोघांनीही विशीत हेच केलंय, आणि उस्तादांची थप्पडही खाल्लीय. तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच चिडतो. अरे, ती हवा चामडीच्या आत शिरते. कुठे बारीकशी जखम असेल तर तिथून आत जाऊन हात फुगवते, रक्तात गेली तर जिवावर बेतते. कानाशी गेली तर पडदा फाटतो. आणि भुशाचा कण डोळ्यात असा घुसतो की चोळून निघत नाही. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या सुरक्षा नियमांत हवेने सफाई करताना दाब ३० पीएसआयच्या खाली ठेवायला सांगितलंय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम दोन किलो, आणि तोही फक्त जॉब आणि टेबल साफ करण्यापुरता. अंगावर मारायला कुठलाच दाब चालत नाही. कपड्यांसाठी ब्रश ठेव, चांगला व्हॅक्यूम मिळाला तर त्याहून उत्तम.

आणि मस्करी. हे लिहितानाही हात थरथरतो, पण लिहितो. कारखान्यात गंमत म्हणून एकानं दुसऱ्याच्या मागून हवेचा पाईप लावला आणि आतडं फाटून पोरगं गेलं, अशा बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा दोघं एकमेकांचे मित्रच असतात. तुझ्याकडे आज पोरगा एकटाच आहे, उद्या आणखी दोन पोरं कामाला येतील. पहिल्या दिवशी, गन हातात देण्याआधी, हे त्यांच्या तोंडावर सांग. लाजू नकोस.

आता टाकी. तुला वाटेल, आत काय, नुसती हवा. विजेला सगळे भितात, हवेला कुणी भीत नाही, आणि खरी गडबड तिथेच आहे. ८ किलो दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर ८ किलोचं वजन. तुझ्या टाकीचं तोंड ३० सेंटीमीटर व्यासाचं धर. हिशेब केलास तर त्या एका झाकणाला आतून साडेपाच टनांच्या वर रेटा बसतो. एक भरलेला टेम्पो त्या पत्र्याला टेकून उभा आहे असं समज. प्लग काढला तरी टेम्पो तिथेच असतो.

माझं २०१३ मधलं तुला अर्धवटच माहीत आहे. तेव्हा तू पुण्याला होतास. सगळं आजवर कुणाला सांगितलं नाही. श्रावणात टाकीच्या बुडाला, पायाच्या वेल्डिंगजवळ, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. साबणाचं पाणी लावलं की तिथे बुडबुडे यायचे. ऑर्डर अंगावर होती. ओळखीच्या एका वेल्डरकडून टाका मारून घेतला, वर रंग फासला, काम चालू. अकरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मी शटरबाहेर हात धूत असताना असा आवाज झाला की समोरच्या गाळ्यातली माणसं रस्त्यावर धावली. टाकीचं बूड चार बोटं फाटलं होतं. कॉम्प्रेसर जागेवरून उडून लेथवर आदळला होता, एक चाक निघून रस्त्यावर गेलं होतं. बाजूच्या स्टुलावर माझ्याकडच्या पोराचा डबा उघडा होता. तो रोज तिथेच बसून जेवायचा, त्या दिवशी फक्त लोणचं मागायला शेजारच्या गाळ्यात गेला होता. त्याच्या चपातीवर तांबड्या गंजाचे कण पडले होते. ती चपाती मला अजून दिसते.

नंतर टाकी कापून पाहिली. वरचा पत्रा जसाच्या तसा जाड, आणि बुडाचा बोटानं दाबला तर वाकेल इतका झिजलेला. कारण एकच, मी पाणी काढत नव्हतो. खंडेनवमीला त्याच टाकीला हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो, पण बुडाचा ड्रेन कॉक महिनोन् महिने उघडत नव्हतो. दोष वेल्डरचा नव्हता, माझा होता. दाबाच्या टाकीला वेल्डिंग करायचंच नसतं. भोक पडलं म्हणजे आसपासचा पत्राही संपलेला असतो, टाका फक्त डोळ्यांना बरा दिसतो. अशी टाकी भंगारात द्यायची, तीही आधी भोक पाडून, म्हणजे दुसऱ्या कुणी वापरू नये.

पाणी येतं कुठून, तर आपल्याच हवेतून. ३० अंशाला, आत्ता आहे तशा दमट हवेत, एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन असतं. ती हवा दाबून टाकीत कोंडली आणि थंड झाली की त्यातलं बरंचसं पाणी बुडाशी साचतं. तुझं मशीन दिवसभर चाललं तर संध्याकाळी मगभर पाणी निघालं तरी नवल नाही. ते रोज काढ, आणि काढताना बघ. स्वच्छ असेल तर ठीक. चहासारखं तांबूस आलं तर आत गंज धरलाय. दुधासारखं आलं तर त्यात ऑइल मिसळतंय, पिस्टनच्या रिंगा बघायला हव्यात. शिवाय तुझा धंदाच पॉलिशचा. हेच पाणी गनमधून दरवाज्यावर गेलं की लॅकर पांढुरकं पडतं, आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवलाच पाहिजे. टाकीत आठ किलो असले तरी स्प्रे गनला दोन-तीन किलो पुरतात.

टाकीच्या डोक्यावर पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे बघ, त्याला कडी आहे. दाब भरला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच बिघडून मोटर बंदच झाली नाही, तर टाकी वाचवायला तेवढाच एक उरतो. महिन्यातून एकदा, चष्मा लावून आणि तोंड बाजूला ठेवून, थोड्या दाबावर ती कडी ओढ. जोरात हवा सुटली पाहिजे आणि कडी सोडल्यावर बंद झाली पाहिजे. अडकला असेल तर नवा घाल, त्याच दाबाचा. काही दुकानदार तो मोठ्या दाबाचा लावून देतात, किंवा गळतो म्हणून चक्क बोल्ट मारून भोक बंद करतात. असं कुणी सुचवलं तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. पुढेमागे जुनी टाकी घ्यायची वेळ आली तर आधी पाण्याचा दाब देऊन, म्हणजे हायड्रो टेस्ट करून घे, साधारण दीडपट दाबाला. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे टाकी कमजोर निघाली तर नुसती गळते. हवा मात्र दबा धरून बसलेली असते. हवा भरून टाकी तपासू नकोस.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरीही व्हिडिओत पिवळी बारीक एक्स्टेन्शन वायर दिसली, आणि तीही गुंडाळलेलीच. २ एचपीची मोटर चालताना आठ-नऊ अँपिअर खेचते, सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुणगुणते, उठत नाही, आणि तापून जळते. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत वितळते. पाच मिनिटं मशीन चालवून त्या वेटोळ्याला हात लावून बघ, मी काय म्हणतो ते हातालाच कळेल. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाईप लांब घे. मशीन १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर, २.५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीवर, अर्थिंग तपासून. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, याच महिन्यात बसवून घे, फरशी ओली आहे. लाइट गेली तर आधी प्रेशर स्विचचा नॉब बंद कर. नाहीतर लाइट परत येते तेव्हा मोटर दाबाविरुद्ध उठायला बघते, आणि हे मशीनला सोसत नाही.

अजून एक. दाब खाली आला की मोटर आपणहून सुरू होते, हे पोराच्या डोक्यात पक्कं बसव. शांत उभी आहे म्हणजे बंद आहे असं नाही. पुसायला, पंख्याची जाळी काढायला हात घालायचा तर प्लग बाहेर आणि गेज शून्यावर. हेडपासून, म्हणजे हवा जिथे दाबली जाते तिथून, टाकीकडे जाणारी नळी इतकी तापते की हाताला फोड येतो.

थिनरचे डबे मशीनला टेकून ठेवलेत, ते आजच हलव. हे पत्र वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नकोस. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि प्रेशर स्विच जोडताना-तोडताना आत ठिणगी उडते. मशीन गाळ्याच्या पुढच्या टोकाला, मोकळ्या हवेत, भिंतीपासून हातभर सुटं. फवारणी मागे, निदान वीस फुटांवर. पाईप लांब घ्यायचा तो यासाठीही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्याच्या हार्डनरमुळे दमा लागतो आणि मग सुटत नाही. पोराला वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्क आण. महाग आहे, तरी आण. आणि कॉम्प्रेसरची हवा नाकाला लावून कुणी श्वासाला घ्यायची नाही, तिच्यात तेलाची वाफ असते.

संध्याकाळी मी काय करतो ते सांगतो, तूही तसंच कर. आधी नॉब बंद. प्लग ओढून बंद नाही करायचं. नॉब बंद केला की अनलोडर फुस्स करतो, म्हणजे हेडमधला दाब सुटला. तो आवाज ऐकायचा. नाही आला तर उद्या मशीन सुरू करण्याआधी तो बघून घ्यायचा. मग प्लग काढायचा. मग टाकीतून पाईपकडे जाणारा कॉक बंद करून, गनचा ट्रिगर दाबून पाईप रिकामा करायचा, आणि तेव्हाच पाईप जोडायचा कपलर सोडायचा. भरल्या पाईपचा कपलर सोडला तर तो सापासारखा उसळतो आणि पितळी टोक तोंडावर बसतं. शेवटी मशीन थोडं कलतं करून ड्रेन कॉक हळू उघडायचा, खाली भांडं धरायचं. पाणी येतं, मग पाणी-हवा, मग नुसती हवा. सगळी हवा जाऊ द्यायची. कॉक रात्रभर उघडाच ठेवतो मी. सकाळी आधी ऑइलची काच बघायची, पातळी लाल ठिपक्यावर हवी. ऑइल कॉम्प्रेसरचंच घालायचं, रिक्षाचं उरलेलं नाही. मग कॉक बंद, मग नॉब. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

पुढच्या शुक्रवारी वाशी लोकलनं येतो. येताना पंधरा मीटर पाईप, फिल्टर आणि दोन चष्मे घेऊन येईन, पैशांचं नंतर बघू. वहिनींना सांग, जेवायलाच येतोय, पण आधी दुकान आणि मग जेवण. तोवर टाकीवरच्या नेमप्लेटचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याचा जवळून फोटो काढून पाठव. दोन्ही आकडे जुळतात का ते मला बघायचंय.

काकूंनी पोराला आशीर्वाद सांगितलेत.

तुझा,
बंड्या