ताई, लॅपटॉप माझ्याकडे वळवलास त्याबद्दल

प्रिय ताई,

डॉक्टरेटच्या प्रवेशाला १५ एप्रिलच्या आत होकार कळवून झाला, तरी अजून कोणी "अभिनंदन" म्हटलं की मला आधी तूच आठवतेस. फोनवर आभार मानायला गेले की तू विषय बदलतेस. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. बदल विषय!

इंजिनिअरिंग करून मानसशास्त्राकडे वळलेली मी. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटसाठी मास्टर्स असावंच लागतं असं नाही. पुष्कळ मुलं बॅचलर्सनंतर थेट अर्ज करतात. पण माझ्याकडे ना विषयाचा पाया, ना लॅबचा अनुभव. आधी मास्टर्स कर, हे सगळेच सांगत. कुठलं, ते कोणी सांगेना. भरपूर फी घेणाऱ्या सल्लागारांनी तर "कुठलंही करा, डॉक्टरेटची दोन वर्षं वाचतात" असं छातीठोक सांगितलं. (बऱ्याच ठिकाणी मोजकेच क्रेडिट धरतात, काही ठिकाणी पुन्हा श्रीगणेशा. त्यांना हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.) एका प्रवेश कार्यालयातल्या गृहस्थांनी माझ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कर्जाची माहिती पाठवली.

तुझी-माझी तेव्हा धड ओळखही नव्हती. पीएचडी की साय-डी (संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट), एवढंच मी विचारलं होतं. तू सल्ला दिलाच नाहीस. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला आपली आकडेवारी जाहीर करावी लागते, तो तक्ता उघडलास: पदवीला किती वर्षं लागतात, फी किती, मध्येच किती जण सोडून जातात, इंटर्नशिप कितींना मिळते, पुढे परवाना किती जण काढतात. लॅपटॉप माझ्याकडे वळवलास आणि म्हणालीस, "तूच वाच. मी थांबते."

आणि खरंच थांबलीस. तुझ्या प्रॅक्टिकमच्या (रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाच्या) नोट्स अर्धवट पडल्या होत्या, ते मला दिसत होतं. साय-डीच्या फीच्या रकान्यापाशी मी बराच वेळ अडले. तू घड्याळाकडे पाहिलं नाहीस, "बघ, म्हटलं नव्हतं?" असा चेहरा केला नाहीस. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने माझ्या वतीने काहीतरी ठरवून टाकलं होतं. मला वाचता येतं आणि वाचलेलं पचवताही येतं, हे तू गृहीत धरलंस. ते किती दिवसांनी कोणी गृहीत धरलं होतं, तुला कल्पना नाही.

मी वाचून संपवल्यावर तू एवढंच बोललीस: "काउन्सेलिंगचं मास्टर्स करून परवाना काढलास तर तेही चांगलं काम आहे. पण संशोधन हवं असेल तर थिसिसवालं घे. आणि पुढे अर्ज करताना विद्यापीठाचं नाव बघू नकोस, कोणत्या प्राध्यापकांकडे काम करायचंय ते बघ."

थिसिसवालंच मास्टर्स केलं. डॉक्टरेटच्या मुलाखतीत प्राध्यापकांनी इंजिनिअरिंगचं अवाक्षर काढलं नाही. थिसिसमधलं माझं गृहीतक का फसलं, यावरच बोलत राहिले, आणि मीही, चक्क मजेत! आता फी माफ आहे आणि असिस्टंटशिपचं मानधनही मिळेल. आईला हे दोनदा समजावून सांगावं लागलं, तिचा विश्वासच बसेना.

चांगुलपणा म्हटला की आपल्याला मोठमोठे त्याग आठवतात. मला हल्ली वाटतं, स्वतःचा काही फायदा नसताना समोरच्याला खरी माहिती देणारी आणि ती त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत गप्प बसणारी माणसं त्याहून दुर्मीळ आहेत. सल्ले देणारे पैशाला पासरी भेटतात, माझ्याकडे तर त्यांच्या पावत्याही आहेत.

तुझ्या प्रबंधाच्या मुलाखतींचं कोडिंग (उत्तरांची विषयवार वर्गवारी) रेंगाळलंय असं कानावर आलं. पडताळणीला दुसरा कोडर लागतोच ना? माझे ऑगस्टपर्यंतचे शनिवार-रविवार तुझे. नाही म्हणायचं नाही. कोडबुक पाठव.

तुझी,
तक्ता वाचत बसलेली