सुरमईच्या नावाने बासा, क्राफ्ट बिअरच्या नावाने बाटली आणि वर फोनवर अपमान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रत्नागिरीच्या मासळी-सहलीच्या पॅकेजची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत आणि तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या वागणुकीबाबत

तुमच्या ग्राहक सेवेतल्या वरिष्ठांनी आत्ताच, मी बोलत असताना, माझा फोन कट केला. म्हणून हे लेखी देते आहे. पॅकेजमध्ये काय काय होतं ते मी सांगत बसणार नाही, ते तुम्हीच बनवलंय. ‘मिरकरवाड्याच्या बोटीवरून थेट तुमच्या ताटात, सोबत ताजी क्राफ्ट बिअर’ ही ओळ तुमचीच आहे आणि त्याच ओळीवर विश्वास ठेवून मी सगळ्या मैत्रिणींचे पैसे एकरकमी भरले.

माझं माहेर भाट्याच्या खाडीपलीकडचं. घर आता बंद असतं. कॉलेजच्या मैत्रिणी कितीतरी वर्षं म्हणत होत्या, तुझी रत्नागिरी दाखव. एवढ्या जणींची गाडी, राहणं, जेवण एका हाती जमेना म्हणून तुमच्याकडे आले. त्यांच्यातल्या दोघी विदर्भातल्या. समुद्राची ताजी मासळी त्या पहिल्यांदाच खाणार होत्या. त्यांना पहिल्यांदा मिळाला तो बासा.

बासाच होता. दुसऱ्या दिवशी रात्री ‘सुरमई फ्राय’ म्हणून जे आलं ते लांबट, पांढरं, बिनकाट्याचं आणि बिनवासाचं होतं. सुरमई आडवी कापतात. तुकडीच्या मधोमध मणक्याचा गोल काटा असतो, भोवती मांसाच्या पाकळ्या सुटतात आणि कडेला चंदेरी कातडी राहते. आमच्या एकाही ताटात ना काटा होता ना कातडी. रवा लावून, लाल मसाला चोपडून तळलं की बाहेरगावच्या माणसाला फरक कळणार नाही, एवढाच त्यामागचा हिशोब. बासा गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला मासा. व्हिएतनामहून येतो, आंध्रातूनही येतो, गोठवलेल्या पाकिटात येतो. कुणाला आवडत असेल तर त्याने जरूर खावा. पण तो बासा म्हणून विका आणि बासाचे पैसे घ्या. मिरकरवाडा हे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. त्याच्या हाकेच्या अंतरावर बसवून आम्हाला फ्रीजरमधला बासा सुरमई म्हणून वाढलात.

मेन्यूतली कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, आलीच नाहीत. त्यांच्याऐवजी कोळंबीचे गोळे आले, तेही आतून गार. सोलकढी पुडीतली होती, हे मला घोट घेताच कळलं, कारण आमच्याकडे ती नारळाच्या दुधात कोकमाचा आगूळ घालून, लसूण-मिरची वाटून करतात आणि नारळाची चव जिभेवर मागे राहते. तांदळाची भाकरी मात्र चांगली होती. ती तिथल्या बाईंनी हाताने थापली होती. त्या बाईंबद्दल किंवा वाढणाऱ्या मुलांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांच्यावर ढकलून मोकळे होऊ नका.

आता बिअर. तुमच्या मेन्यूत गव्हाची बिअर आणि स्टाउट अशी दोन नावं होती. तळलेल्या मासळीबरोबर पहिली, कालवांबरोबर दुसरी. जोडी बरोबर लिहिली होती, म्हणूनच आमची एक मैत्रीण एवढी खूश झाली होती. ती पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवते, हाच तिचा रोजचा व्यवसाय आहे. गव्हाची बिअर गढूळ असते, यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं तिच्यात तरंगत राहतात. यीस्टमुळेच तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आमच्या पुढ्यात आली ती पिवळी, नितळ आणि गोडसर. मैत्रिणीने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. स्टाउट मागितल्यावर तीच बिअर दुसऱ्या ग्लासात आली. स्टाउट काळी असते हो! निदान रंगाची तरी लाज राखायची.

ती उठून काउंटरमागे गेली. तिथे नेहमीच्या स्ट्राँग बिअरचे क्रेट होते, रिकाम्या बाटल्या होत्या, ओपनर होता. बिअरचा नळ म्हणजे टॅप नव्हता, बिअरचं पिंप म्हणजे केग नव्हता. तिने विचारल्यावर तिथल्या मुलाने खरं ते सांगितलं, “मॅडम, इथे टॅप कधीच नव्हता. तुमच्या कंपनीने फक्त ग्लास पाठवलेत.” ग्लासवर तुमचं चिन्ह छापलेलं आहे. पाश्चराइझ न केलेली बिअर केगपासून ग्लासापर्यंत सतत थंड ठेवावी लागते, नाहीतर ती उतरते. खर्चाचं आणि कटकटीचं काम आहे, मान्य. झेपत नव्हतं तर लिहायचं नव्हतं. आम्ही कोकम सरबत प्यायलो असतो आणि आनंदाने परतलो असतो.

स्थळदर्शनाबद्दल थोडक्यात. मिरकरवाड्याचा लिलाव पहाटे बोटी लागल्या की सुरू होतो. तुमची गाडी आम्हाला तिथे घेऊन गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लिलाव केव्हाच उरकला होता, जेट्टीवर बर्फ आणि रिकामे क्रेट. कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, डोळा चमकतो का बघायचं, कोळणीशी भाव करायचा, हे सगळं मला मैत्रिणींना शिकवायचं होतं. ते राहिलं.

थिबा राजवाड्याला नेलं ते नेमकं वस्तुसंग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. फाटकापुढे उभं राहून तुमच्या गाइडने थिबा हा पोर्तुगीज सुभेदार होता असं सांगितलं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये पदच्युत करून देशाबाहेर आणलं, पुढे रत्नागिरीत ठेवलं आणि तो इथेच १९१६ मध्ये वारला. त्याची कबरही इथेच आहे. हे सांगणं तुमच्या गाइडचं काम होतं. आणि आमच्या गावाची जी गोष्ट मला सर्वात जवळची वाटते ती मलाच सांगावी लागली: लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले, १८५६ साली, आणि १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या, म्हणजे थिबाच्याच राजधानीतल्या, तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदेत, दोघंही एकाच काळात, एकाच सरकारचे बंदी. टिळक आळीतलं जन्मघर तुमच्या कार्यक्रमात होतं. तिथे गाडी थांबलीच नाही, ‘पार्किंग नाही’ म्हणून. रत्नदुर्ग तेवढा नीट झाला, कारण तिथे आम्ही आमच्या आम्ही भगवतीच्या देवळापर्यंत चालत गेलो आणि बुरुजावरून समुद्र बघत बसलो.

हे सगळं एकवेळ मी रागावून सोडून दिलं असतं. पण आजचा फोन मी सोडणार नाही.

तुमच्या वरिष्ठांनी आधी विचारलं, “मॅडम, तुम्ही पाठवलेल्या फोटोत मासा दिसतोय. मग तक्रार काय आहे?” मी म्हटलं, ती सुरमई नाही, काटा बघा, काटा कुठे आहे. ते म्हणाले, “काटा निघाला म्हणून गेस्ट तक्रार करतात. तुमची काटा नाही म्हणून तक्रार आहे का?” हो, हीच तक्रार आहे, मी म्हटलं. मग म्हणाले, “त्या वेळी मासेमारी बंदी होती, त्यामुळे पर्याय द्यावा लागला.” आम्ही जानेवारीत गेलो होतो. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी १ जून ते ३१ जुलै या काळातली. त्या काळातही बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना मुभा असते. कोकणात मासळीच्या सहली विकणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठाला बंदीचे महिने माहीत नसावेत?

हे सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. “लेडीज ग्रुप होता ना मॅडम?” हो, होता. “जेवणाच्या वेळेपर्यंत बिअर किती झाली होती?” मी विचारलं, याचा काय संबंध. तर म्हणाले, “नाही, बिअर घेतल्यावर चवीचं सगळ्यांचंच थोडं इकडचं तिकडं होतं.” मी शांतपणे सांगितलं की आमच्यातली एक जण बिअर बनवते, चव घेणं हे तिचं काम आहे, तिला त्याचा पगार मिळतो. त्यावर ते म्हणाले, “मग त्यांनी तर जास्तच घेतली असेल,” आणि हसले. पाठीमागे आणखी कुणीतरी हसलं. मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. मी पुन्हा नाव विचारलं. फोन कट झाला.

पुरुषांच्या गटाने हीच तक्रार केली असती तर किती प्यायलात असं विचारलं असतं का? आम्ही कमावत्या, पन्नाशीला टेकलेल्या बायका आहोत. स्वतःच्या पैशाने जेवायला आणि बिअर प्यायला गेलो होतो, आणि तुम्हीच जाहिरात करून बोलावलं होतं. बिअर विकायची तुम्ही, आणि ती प्यायल्याबद्दल टोमणाही तुमचाच. संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचं फोन लागताच तुमची यंत्रणा सांगते. ते मुद्रण काढा आणि स्वतः ऐका. जपूनही ठेवा, पुढे मागावं लागेल.

माझ्या मागण्या अशा. पॅकेजची पूर्ण रक्कम परत करा, कूपन नको. माझ्या ब्रुअर मैत्रिणीची त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावानिशी लेखी माफी मागावी. आणि जाहिरातीतून ‘बोटीवरून थेट’ आणि ‘क्राफ्ट बिअर’ हे शब्द काढा, किंवा त्यांना जागेल अशी सोय करा. पैशापेक्षा मला ही शेवटची मागणी मोठी वाटते, कारण पुढच्या गटातही कुणीतरी पहिल्यांदाच सुरमई खायला येणार आहे. तिलाही तुम्ही बासाच वाढाल आणि ती परत जाऊन सांगेल की कोकणातल्या माशाला काही चव नाही. मिरकरवाड्यात रात्ररात्र समुद्रावर जाणाऱ्या खारवी आणि दालदी या मच्छीमार समाजांतल्या माणसांचं नाव तुम्ही विकता. त्यांचा मासा विकत घ्यायचं सोडून.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. तक्रार मी राहते तिथे दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, याची चौकशी करून झाली आहे. एका माशाच्या नावाने दुसरा मासा वाढल्याचं अन्न व औषध प्रशासनालाही कळवेन. ताटांचे, क्रेटचे आणि तुमच्या जाहिरातीचे फोटो तारखेसह माझ्याकडे आहेत. सगळ्या मैत्रिणी सही करायला तयार आहेत.

तुमच्याबरोबर मी याआधी तारकर्लीला गेले होते, तेव्हा मासा मासाच होता. त्याच भरवशावर मैत्रिणींना घेऊन आले. आता तो भरवसा राहिला नाही, आणि माझ्या ओळखीत जो कुणी विचारेल त्याला मी हेच सांगणार आहे.

उत्तर लेखी द्या. मला फोन करू नका.

पुणे
तुमची आजवरची ग्राहक

सोबत: बुकिंगची पावती, ताटांचे व काउंटरमागच्या क्रेटचे फोटो, जाहिरातीची प्रत