बाख ऐका म्हणताय, पण कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतकारांवर जी लेखमाला चालू आहे ती मी पहिल्या लेखापासून वाचतेय, आणि मराठीत कुणीतरी नेटानं हे लिहितंय याचं खरंच बरं वाटतं, तेव्हा हे पत्र तक्रारीचं समजू नका. पण बाखवरचा लेख वाचून राहवलं नाही. जन्म, दोन लग्नं, वीस मुलं, चर्चची नोकरी, शेवटी गेलेली दृष्टी असं सगळं त्यात आलं, आणि ऐकायचं काय तर 'ब्रँडनबर्ग कंचेर्तो व मॅथ्यू पॅशन अवश्य ऐकावेत' एवढं एक वाक्य (पहिल्या वाद्यवृंदासाठीच्या रचना, दुसरी येशूच्या अखेरच्या दिवसांची गाऊन सांगितलेली कथा). अहो पण कुणाचे? आपल्याकडे कुणी म्हटलं की मारवा ऐक, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, कुणाचा? अमीर खाँसाहेबांचा मारवा मनात बसलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाचा मारवा ऐकवा, राग तोच असला तरी तो म्हणेल हे वेगळं आहे. मग बाखच्या बाबतीत आपण हे का नाही विचारत? बऱ्याच जणांना वाटतं की तिकडे सगळं कागदावर लिहिलेलं असतं, समोर ठेवायचं आणि वाजवायचं, म्हणजे कुणीही वाजवलं तरी तेच. तसं अजिबात नाहीये, आणि बाखच्या बाबतीत तर नाहीच नाही.

कारण या माणसानं स्वर लिहिले पण बाकीचं फारसं लिहिलंच नाही. लय किती ठेवायची, कुठे हळू, कुठे जोरात, हे त्याच्या कागदांवर बहुतेक ठिकाणी नसतंच, ते त्या काळी वाजवणाऱ्याला कळायचं असं गृहीत होतं. 'आर्ट ऑफ फ्यूग' म्हणून त्याचं अगदी शेवटचं मोठं काम आहे, त्यात तर कुठल्या वाद्यावर वाजवायचं तेही सांगितलेलं नाही, त्यामुळे लोकांनी ते ऑर्गनवर वाजवलं, पियानोवर वाजवलं, चार तंतुवाद्यांवरही वाजवलं. चेलो या व्हायोलिनच्या थोरल्या भावासाठीचे जे सहा सुट, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या तुकड्यांच्या माळा, आहेत त्यांची बाखच्या हातची प्रत आज नाही, मुख्य आधार म्हणजे त्याची दुसरी बायको आना माग्डालेना हिनं केलेली नक्कल, आणि तिच्यात कमानीच्या, म्हणजे गजाच्या, खुणा कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत आहेत यावर चेलोवाले अजून वाद घालतात. म्हणजे वाजवणाऱ्याला ठरवावंच लागतं. म्हणूनच बाखची ओळख करून देताना कलाकाराचं नाव गाळलं की अर्धी माहिती गळाली.

चरित्राबद्दलही थोडं. तारखा तुम्ही बरोबर दिल्यात, १६८५ आयझेनाख, १७५० लाइपझिग, पण त्यातून माणूस दिसला नाही. दहा वर्षांचा व्हायच्या आत आईवडील दोघंही गेले, थोरल्या भावानं सांभाळलं. विशीत आर्नश्टाटला ऑर्गनची नोकरी करत असताना बुक्सटेहूड या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला म्हणून तो ल्युबेकला पायी गेला, अंतर जवळपास ४०० किलोमीटर, रजा चार आठवड्यांची घेतली आणि परत आला ते चारेक महिन्यांनी! मग वरिष्ठांनी बोलावून झापलं, शिवाय हा प्रार्थनागीतांना असे काही विचित्र स्वर लावतो की गाणारे लोक गोंधळतात अशी तक्रारही केली. ऐकण्यासाठी इतकं चाललेला माणूस आहे हा, हे आपल्याकडच्या वाचकाला लगेच भिडलं असतं, गुरूच्या शोधात घर सोडलेल्या गवयांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालोय. पुढे वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडून क्योथेनला जायचा हट्ट धरला म्हणून १७१७ मध्ये त्याला जवळपास चार आठवडे कोठडीत ठेवलं होतं. आणि १७२३ मध्ये लाइपझिगला चर्चच्या संगीताची आणि तिथल्या शाळेची जी नोकरी मिळाली ती मुळात टेलेमान या तेव्हाच्या नावाजलेल्या संगीतकाराला द्यायची होती, त्याला हाम्बुर्गनं सोडलं नाही, मग ग्राउपनर, त्याला त्याच्या धन्यानं पगार वाढवून ठेवून घेतलं, आणि उत्तम माणूस मिळत नाही तर मध्यम घ्यावा लागेल असं नगर परिषदेतला एक जण चर्चेत बोलला. बाखबद्दल!

तिथे गेल्यावर त्यानं काय केलं ते बघा. चर्चच्या पंचांगाप्रमाणे रविवार आला की कँटाटा हवा, म्हणजे गायकवृंद, एकेकटे गाणारे आणि वाद्यं मिळून वीस-पंचवीस मिनिटांची रचना, आणि पहिली काही वर्षं तो जवळजवळ दर आठवड्याला नवीन लिहीत होता. स्वरलिपी झाली की घरातली माणसं आणि विद्यार्थी बसून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद नकलून काढणार, घाईत थोडी तालीम होणार आणि रविवारी सकाळी शाळेतली पोरं ते गाणार, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच चक्र. शाळेत शिकवायचं ते वेगळं. मुलं घरात जन्मत होती आणि जातही होती, वीसपैकी दहाच मोठी झाली. १७३० साली बालमित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की इथे राहणं महाग आहे, आणि हवा निरोगी असली की अंत्ययात्रा कमी होतात आणि त्यांच्या संगीताचं आपलं उत्पन्न बुडतं. हे वाचलं की संतासारखा रंगवलेला बाख बाजूला राहतो आणि घर चालवणारा नोकरदार माणूस दिसतो, आणि मला तरी तो जास्त मोठा वाटतो. कँटाटा आज दोनशेच्या आसपास उरलेत, बरेच हरवले.

दोन गोष्टी मात्र दुरुस्त करायला हव्यात. एक म्हणजे, बाखला जग पार विसरलं होतं आणि १८२९ साली मेंडेल्सझोननं बर्लिनमध्ये मॅथ्यू पॅशन करून त्याला शोधून काढलं, हे तुमच्या लेखात आहे तितकं सरळ नाही. सर्वसाधारण श्रोते विसरले होते हे खरं, आणि मेंडेल्सझोनचे उपकारही खरे, विशीचा पोरगा होता तेव्हा तो. पण शिकणारे-शिकवणारे विसरले नव्हते, बेटहोवन लहानपणी बॉनमध्ये बाखचा 'वेल टेम्पर्ड क्लाविअर' हा कीबोर्डसाठीचा संग्रह वाजवतच तयार झाला, आणि मोत्झार्ट १७८९ मध्ये लाइपझिगला गेला तेव्हा बाखचं एक मोटेट, म्हणजे गायकवृंदासाठीची धार्मिक रचना, ऐकून त्यानं ते कागद मागवून घेतले. वह्या हातोहात फिरत राहिल्या, आपल्याकडे चिजा फिरायच्या तशाच. दुसरं, एकट्या व्हायोलिनसाठीचा तो प्रचंड 'शाकोन' बाखनं पहिल्या बायकोच्या निधनाच्या दुःखात लिहिला असं लेखात ठामपणे म्हटलंय. मारिआ बार्बारा १७२० मध्ये गेली आणि त्या हस्तलिखितावर सालही १७२० आहे, तो धन्याबरोबर कार्ल्सबाडला गेला असताना ती गेली, परत येऊन बघतो तर दफनही झालेलं, हे सगळं खरं, पण शाकोन तिच्यासाठी लिहिला याला पुरावा नाही, तो नंतरच्या लोकांचा तर्क आहे. तर्क म्हणून छापला असता तर चाललं असतं.

आता रेकॉर्डिंगकडे येते. चेलो सुटचंच घ्या. पाब्लो कसाल्स हा चेलोवादक तेरा वर्षांचा असताना बार्सेलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात त्याला या सहा सुटची छापील प्रत मिळाली. तोवर बहुतेक लोक यांना हात बसायचे धडे समजत होते, मैफलीत अख्खा सुट कोण वाजवणार! त्यानं बारा वर्षं रियाज केला तेव्हा कुठे लोकांपुढे वाजवला. आणि रेकॉर्ड करायला तयार झाला तो साठीला आल्यावर, १९३६ ते १९३९, सुरुवात लंडनला झाली आणि बाकीचे पॅरिसला, तिकडे त्याच्या स्पेनमध्ये यादवी पेटलेली. त्या रेकॉर्डमध्ये खरखर आहे, आजच्या वादकांइतकी सफाईही नाही, कुठे कुठे कमान तारेवर घासल्याचं ऐकू येतं, पण दुसऱ्या सुटमधला साराबांद हा संथ नाचाचा भाग त्याच्याकडून ऐका, एकेक स्वर असा जड पावलानं येतो की आपण श्वास धरून बसतो. नवीन माणसाला मी आधी हे देईन की आजचं स्वच्छ रेकॉर्डिंग? माझं मत, आधी हेच.

गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची गोष्ट तर लेखात हवीच होती. सुरुवातीला एक आरिया, मग तिच्याच खर्जाच्या चालीवर तीस रूपं, आणि शेवटी तीच आरिया परत, हे बाखनं १७४१ मध्ये छापलं, तेही दोन कीबोर्डच्या हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तारा छेडून वाजणाऱ्या वाद्यासाठी. तिसाव्या रूपात त्यानं त्या काळच्या लोकगीतांच्या चाली एकमेकींत गुंफल्यात, त्यातली एक तर कोबी आणि सलगमबद्दलची आहे. १९३३ मध्ये वांडा लांडोव्स्कानं हार्पसिकॉर्डवर याची रेकॉर्ड केली आणि जाणकारांचं लक्ष गेलं, पण घराघरात गेलं ते १९५५ साली, ग्लेन गूल्ड नावाच्या बावीस वर्षांच्या कॅनेडियन मुलानं न्यूयॉर्कमध्ये पियानोवर वाजवलं तेव्हा. काय तो वेग, आणि तरी प्रत्येक सूर वेगळा! मग त्याच गूल्डनं १९८१ मध्ये पुन्हा पूर्ण रेकॉर्ड केलं आणि पुढच्या वर्षी पन्नाशीतच तो गेला. पहिल्यात ती सुरुवातीची आरिया दोन मिनिटांच्या आत संपते आणि दुसऱ्यात तीन मिनिटांवर जाते, अख्खी रचना ३८ मिनिटांवरून ५१ वर गेली. वादक तोच, कागद तोच, पियानोच. हे दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ ऐकले की 'कुणाचा' एवढंच पुरत नाही, 'कुठल्या वयातला' हेही विचारावं लागतं. मागून गूल्डचं गुणगुणणं येतं, काहींना त्याचा त्रास होतो, मला होत नाही.

मॅथ्यू पॅशनचंही तसंच. क्लेम्पररनं कंडक्ट केलेलं १९६१ चं रेकॉर्डिंग आणि गार्डिनरचं १९८८ चं, दोघांत जवळपास तासाभराचा फरक पडतो! एकाकडे मोठा वाद्यवृंद आणि संथ भव्य चाल, दुसऱ्याकडे बाखच्या काळातल्यासारखी वाद्यं आणि चालती लय. मी स्वतः कार्ल रिख्टरच्या १९५८ च्या रेकॉर्डिंगकडे सारखी वळते. त्यात येशूचा शिष्य पीटर 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हणतो, कोंबडा आरवतो, कथा सांगणारा अर्न्स्ट हेफ्लिगर 'आणि तो ढसाढसा रडला' हे शब्द गाताना आवाज वर नेऊन असा काही मोडतो, आणि लगेच एकटं व्हायोलिन सुरू होतं, वर झेप घेऊन तिथून हुंदके देत उतरल्यासारखं खाली येतं, आणि मग खालच्या पट्टीतला आल्टो आवाज 'एर्बार्मे दिख' म्हणजे दया कर असं गायला लागतो. जर्मन येत नसलं तरी काही अडत नाही. पण तीन तासांचं काम आहे, नुसतं 'अवश्य ऐकावे' म्हटलं तर वाचक कुठून सुरू करणार? ही सहा-सात मिनिटं आधी ऐका म्हणून सांगायला हवं होतं.

आणि कँटाटांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. हार्नोनकोर्ट आणि लेओनहार्ट या दोन कंडक्टरांनी १९७१ पासून जवळपास दोन दशकं खपून सगळे चर्च कँटाटा जुन्या वाद्यांवर आणि मुलांच्या आवाजात रेकॉर्ड केले, एलपीच्या खोक्यांतून स्वरलिपीसुद्धा द्यायचे. जपानमध्ये मासाकी सुझुकी यांनी कोबेच्या एका चॅपलमध्ये १९९५ ला सुरुवात करून २०१३ ला चर्चच्या कँटाटांची मालिका पुरी केली. जपानी माणसं हे करतात आणि युरोपातले लोक ती ऐकायला उत्सुक असतात, तेव्हा 'हे आपलं नाही' हे कारण आपण तरी का द्यावं. पैशांचाही प्रश्न राहिला नाही, नेदरलँड्स बाख सोसायटी बाखची सगळी कामं एकेक करून चित्रित करतेय आणि ती फुकट बघायला मिळतात.

एक आपल्या जवळची गोष्ट सांगते. १९७७ मध्ये अंतराळात व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात बाखचे तीन तुकडे आहेत, आणि तिथेही कुणाचा हे ठरवावंच लागलं, दुसरा ब्रँडनबर्ग कंचेर्तो रिख्टरचा, व्हायोलिन आर्तुर ग्रुमियोचं आणि पियानो गूल्डचा. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. बाखच्या लेखाशेजारी ही एक चौकट टाकली असती तर कितीतरी मराठी वाचकांनी दोन्ही शोधून ऐकले असते.

तेव्हा विनंती एवढीच, या मालिकेत प्रत्येक लेखाखाली चार ओळींची जागा ठेवा, रचना कुठली, कलाकार कोण, रेकॉर्डिंग कुठल्या सालचं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं कुठल्या भागापासून सुरू करावं. पुढच्या रविवारी ब्राम्स येणार असं तुम्ही छापलंय, तर सुरुवात त्याच्यापासूनच करा, आणि जमलं तर बाखच्या या चार ओळीही त्याच अंकात देऊन टाका.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली